दोन महिन्यांत कोणती विद्या?

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत इतिहासाच्या निमित्तानं माझं बरंच फिरणं होतं. शिवनेरी, नाणेघाट, लेण्याद्री यांच्याविषयी विचारणारे भेटतातच. पण अलीकडं एक वेगळा प्रश्न वारंवार कानावर येतो. घोडेगावला, मंचरला किंवा जुन्नरला कॉलेजात जाणाऱ्या मुलींचे आईवडील विचारतात, "पोरीला स्वतःचा बचाव करता येईल असं काहीतरी शिकवायचंय. कराटे बरं, ज्युदो बरा, की आपली लाठीकाठी? आणि लवकर यायला पाहिजे. परीक्षा आहेत, शेतातली कामं आहेत. फार तर दोन महिने मिळतील."

प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागची काळजी साधी नाही. एसटी फाट्यावर सोडते. तिथून वस्ती दीड-दोन किलोमीटर आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पुरुषभर उंचीचा ऊस. या रस्त्याच्या धास्तीनं बारावीनंतर मुलीचं शिक्षण थांबवलेली घरं मी पाहिली आहेत. म्हणजे प्रश्न नुसता कराटेचा नाही, मुलीच्या पुढच्या आयुष्याचा आहे. मी काही वस्ताद नव्हे. पण लवकर शिकता येईल अशी विद्या कोणती, हा प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही. आपल्या आजा-पणजांनी त्याची उत्तरं शोधली होती. ती आज पडताळून पाहण्यासारखी आहेत.

शस्त्रविद्या म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा शिवनेरी आठवतो. १९ फेब्रुवारी १६३० रोजी या गडावर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. महाराजांबरोबर डोळ्यांसमोर येतो तो दांडपट्टा. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनानं त्याला राज्यशस्त्राचा मान दिला. शिवजयंतीच्या मिरवणुकीत शाळेतल्या मुली सफाईनं पट्टा फिरवतात तेव्हा पाहणाऱ्याचा ऊर भरून येतो. साहजिकच काही पालकांना वाटतं, मुलीला हेच शिकवावं.

पण पट्ट्याची रचना नीट पाहिली तर तो किती अवघड आहे हे कळतं. तलवार मुठीत धरतात, मनगट मोकळं असतं. पट्ट्याचं पातं लांब आणि लवचीक. त्याची मूठ लोखंडी खोबणीच्या आत असते आणि ही खोबण हाताला कोपरापर्यंत झाकते. त्यामुळं मनगट वळवता येत नाही. वार खांद्यातून, कमरेतून आणि पायांच्या फिरण्यातून काढावा लागतो. पाऊल चुकलं तर पातं फिरवणाऱ्यालाच लागण्याची भीती. म्हणून तालमीत आधी फरीगदगा देत. फरी म्हणजे चामड्याची लहान ढाल आणि गदगा म्हणजे चामड्यानं मढवलेली काठी. तिच्यावर पवित्रे पक्के झाल्यावर, हूल ओळखता येऊ लागल्यावर मग खरा पट्टा हाती यायचा. ज्याचं पोटच शस्त्रावर चालत होतं त्याला हे परवडत होतं. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघणारा आणि पावसाच्या तोंडावर नांगराला परतणारा कुणबी मावळा एवढा वेळ कुठून काढणार? त्याच्या हाती भाला असे, गोफण असे, कुऱ्हाड असे. शेतात आणि रानात जी हत्यारं हात रोज वापरत होते तीच तो लढाईत वापरी.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफजलखानाची भेट झाली. आपण वाघनखांची गोष्ट रंगवून सांगतो. पण त्या दिवशी महाराज वाचले ते आधी केलेल्या तयारीमुळं. अंगरख्याखाली चिलखत होतं, मंदिलाखाली लोखंडी टोप होता. कोणाला बरोबर घ्यायचं, कोणी कुठं उभं राहायचं, हे ठरलेलं होतं. म्हणून सय्यद बंडा धावून आला तेव्हा जिवा महाला हाताशी होता. स्वसंरक्षणाचा विचार करताना डावांच्या आधी ही तयारी मोजायला हवी.

खेड्यात रोजचा बचाव कशानं होत असे? काठीनं. गावच्या जागल्याच्या खांद्यावर काठी, मेंढपाळाच्या हाती काठी, रात्री पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती काठी. साप, कुत्रं, चोर, सगळ्यांना एकच अवजार. काठीचा मोठा गुण असा, की समोरचा माणूस अंगाशी येण्याआधीच तिनं अंतर राखता येतं. पकड, उभं राहण्याचा पवित्रा, दोनतीन सरळ वार आणि एक रोख एवढं थोड्या दिवसांत येतं. दोन्ही हातांनी काठी गरगर फिरवणं ही पुढची, प्रदर्शनाची पायरी. आपण मिरवणुकीत पाहतो ती ही दुसरी पायरी, आणि तीच लाठी असं समजून बसतो. ज्वारी राखायला माळ्यावर उभ्या राहणाऱ्या बायकांच्या हाती गोफण असे, तीही लहानपणापासून. ते कोणी शस्त्र शिकवणं म्हणत नसत, पण नेम आणि जोर दोन्ही त्यातून येई.

एकोणिसाव्या शतकात पुण्यात एक तालीम नावारूपाला आली. तिचे वस्ताद लहुजी साळवे. वडील राघोजी १८१७ साली खडकीच्या लढाईत इंग्रजांविरुद्ध लढले. पेशवाई गेल्यावर लहुजींनी गंज पेठेत तालीम चालवली. मातंग समाजातल्या या वस्तादाकडं सगळ्या जातींची मुलं येत. जोतीराव फुले त्यांतले एक. दांडपट्टा आणि निशाणबाजी आपण लहुजींकडं शिकलो, हे जोतीरावांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पुढं वासुदेव बळवंत फडकेही याच तालमीत आले.

जोतीरावांचं नाव इथं घेण्याचं कारण वेगळं आहे. १८५६ साली त्यांना मारण्यासाठी दोन मारेकरी रात्री त्यांच्या घरात शिरले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. एक रोडे, दुसरा धोंडीराम कुंभार. जोतीराव जागे झाले. पट्टा आणि नेम दोन्ही शिकलेला हा माणूस. पण त्यांनी त्या दोघांना विचारलं, तुम्ही कोण, कशासाठी आलात, माझ्या मरणानं तुमचं काय भलं होणार आहे? ते दोघे वरमले आणि पुढं जोतीरावांचेच सोबती झाले. रोडे त्यांचा अंगरक्षक झाला. प्रत्येक हल्लेखोर बोलण्यानं वळतो असं मी म्हणत नाही. असं समजणं धोक्याचंच ठरेल. पण तालमीनं जोतीरावांना काय दिलं असेल, तर अशा घटकेला डोकं ताळ्यावर ठेवणं. मारता येतं हे माहीत असलेला माणूस घाबरून थिजत नाही. हा गुण पट्ट्यानंच येतो असं नाही, कोणत्याही चांगल्या तालमीतून येतो. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाचं आपल्याकडचं मोठं ठाणं म्हणजे जुन्नर तालुक्यातलं ओतूर. भटजीशिवाय लग्न लावायची हिंमत तिथल्या पाटील-कुणब्यांनी दाखवली, तीही समाजाचा रोष अंगावर घेऊन.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगरात, आणखी एक उदाहरण आहे. जांभोरीचे होनाजी केंगले. १८७४च्या सुमारास या महादेव कोळी तरुणानं सावकारशाहीविरुद्ध बंड केलं आणि १८७६ साली ते पकडले गेले. मधली दोन वर्षं पोलिसांना ते सापडले नाहीत, ते घाटवाटांची माहिती, सोबत्यांची एकी आणि वाड्यावस्त्यांवरचा विश्वास यांच्या बळावर. डोंगरातल्या माणसाचा बचाव पळवाटा ठाऊक असण्यात होता. कुठून निसटायचं आणि कोणाच्या दारात जायचं हे आधी माहीत असणं, ही तिथली पहिली विद्या.

त्यानंतर लगेच, १८७८ साली, लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्रांचा कायदा आला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं गुन्हा ठरला. तालमीतल्या तलवारी, पट्टे हळूहळू सणापुरते राहिले. रोजच्या सरावात लाठी, लेझीम, मल्लखांब आणि कुस्ती उरली. विसाव्या शतकातल्या व्यायामशाळा, अमरावतीचं १९१४ सालचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, पुण्याचं १९२४ सालचं महाराष्ट्रीय मंडळ, यांनी या विद्या टिकवल्या. खेड्यात मात्र राज्य कुस्तीचं. ओतूरला कपर्दिकेश्वराच्या यात्रेत श्रावणी सोमवारी आखाडा भरतो. आजही आपल्याकडं यात्रा म्हटली की कुस्त्या आल्याच.

कुस्तीत एक गोष्ट अशी आहे जी इतर अनेक वर्गांत मिळत नाही. समोरचा गडी खरोखर विरोध करतो. तो सांगितल्यासारखा हात पुढं करून उभा राहत नाही. ओढतो, ढकलतो, मानेवर हात टाकतो. हौद्यात सहा महिने घालवलेल्या पोराला कोणी अचानक कवेत धरलं तर तो गोंधळत नाही, कारण त्याच्या अंगाला ती पकड ओळखीची झालेली असते. पण ज्यांना याची सर्वांत जास्त गरज त्या मुलींना तालमीचं दार पिढ्यान्‌पिढ्या बंद होतं. १९५०च्या दशकात हमीदा बानू ही पैलवान पुरुष मल्लांना जाहीर आव्हान देत देशभर फिरत होती. पुण्यात एका पुरुष मल्लाशी ठरलेली तिची कुस्ती स्थानिक संघटनेच्या विरोधामुळं रद्द झाली. तिथून महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू व्हायला मार्च २०२३ उजाडावं लागलं. सांगलीत झालेली ती पहिली स्पर्धा प्रतीक्षा बागडी हिनं जिंकली.

लवकर शिकण्याचा प्रश्न जगात इतरत्रही पडला आहे. १९१३ साली लंडनमध्ये मताचा हक्क मागणाऱ्या स्त्रियांना पोलीस फरफटत नेत. त्यांना ईडिथ गॅरुड नावाच्या बाईंनी जपानी जुजुत्सूचे डाव शिकवले. बाईंची उंची पाच फुटांच्याही आत. नेत्यांना अटकेपासून वाचवण्यासाठी त्यांच्या हाताखाली पंचवीस-तीस बायकांचं पथकच तयार झालं. त्यांना काही जुजुत्सूत पारंगत व्हायचं नव्हतं. पकड सोडवणं, धरायला आलेल्याचा तोल घालवणं आणि घोळक्यानं एकमेकींना राखणं एवढंच हवं होतं.

दुसरं उदाहरण विल्यम फेअरबेर्न यांचं. शांघायच्या पोलीस दलात त्यांनी अनेक वर्षं काढली, जपानी आणि चिनी विद्या शिकले. १९४० साली ब्रिटिश कमांडोंना शिकवायची वेळ आली तेव्हा हाताशी वेळ फार थोडा होता. त्यांनी आपल्या विद्येतलं बहुतेक सगळं बाजूला ठेवलं. तळहाताच्या टाचेनं हनुवटीवर मारणं, हाताच्या कडेचा फटका, गुडघा असे थोडे घाव निवडले आणि तेच पुन्हा पुन्हा घोटून घेतले. भीतीनं हात थरथरत असताना बारीक कसबाचा डाव आठवत नाही. साधा, जोरकस, घोटलेला घाव तेवढा आठवतो. आज शहरांत ज्याचे वर्ग दिसतात त्या क्राव्ह मागाचं तत्त्वही हेच.

आता अलीकडचा एक पुरावा. कॅनडातल्या संशोधक शार्लिन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतल्या जवळपास नऊशे विद्यार्थिनींचा अभ्यास केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलींना फक्त माहितीपत्रकं दिली. निम्म्यांना एकूण बारा तासांचं शिक्षण दिलं. त्यात मारायचे डाव होते, पण तेवढेच नव्हते. धोका कसा ओळखायचा, ओळखीच्या माणसाला ठामपणे नाही कसं म्हणायचं, आरडाओरडा कसा करायचा, हेही होतं. पुढच्या वर्षभरात पहिल्या गटात बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के होतं, दुसऱ्यात ५.२ टक्के. फक्त बारा तास!

ओळखीचा माणूस हा शब्द मी मुद्दाम उच्चारला. आपल्या देशातल्या गुन्ह्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं हेच सांगतात, की बलात्काराच्या दहांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र. आपली भीती उसातल्या अनोळखी माणसाची. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. मोठ्यांना उलट बोलू नये, गप्प बसावं, असं घरात रोज ऐकलेल्या मुलीला ऐन वेळी ओरडता येत नाही. म्हणून आवाज काढायची सवय आधी घरातच लावायला हवी. एखाद्या काकाचं, दादाचं वागणं खटकतं असं मुलगी म्हणाली, तर तिला गप्प न करणं हा तिच्या शिक्षणाचा पहिला धडा.

आपल्या दोन तालुक्यांना हे सांगायला फार लांब जायला नको. गेली पंचवीस वर्षं आपण बिबट्याच्या शेजारात राहतो आहोत. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, वनखातं गावोगाव सूचना देतं. संध्याकाळी एकट्यानं जाऊ नका, दोघंतिघं मिळून जा. हातात घुंगराची काठी आणि बॅटरी ठेवा, मोठ्यानं बोलत चला. वाकून, बसून राहू नका. बिबट्याशी झुंज कशी द्यायची याचे वर्ग कोणी काढले नाहीत. टाळणं, सोबत, उजेड, आवाज हीच त्यातली मुख्य विद्या. माणसाच्या बाबतीत एकच मोठा फरक. बिबट्या समोर आला तर पाठ दाखवून पळू नये. माणसापासून सुटका झाली की मागं न पाहता पळावं, उजेडाकडं आणि माणसांकडं.

तर मग वर्ग निवडायचा कसा? नावावर जाऊ नका. एक दिवस जाऊन बसा आणि तीन गोष्टी पाहा. पहिली, मुली जोडीनं सराव करतात का, आणि जोडीदार खरोखर धरतो, ओढतो का? नुसत्या हवेत ठोसे मारणाऱ्या रांगेतून दम वाढेल, पकड सोडवता येणार नाही. दुसरी, पहिल्या महिन्यात किती गोष्टी शिकवतात? जिथं थोडं शिकवून पुष्कळ घोटून घेतात तो वर्ग चांगला. तिसरी, ओरडणं, निसटणं आणि पळणं शिकवतात का, की पट्ट्याचा रंग बदलण्याकडंच सगळं लक्ष आहे? शिकवणारी बाई असेल किंवा निदान मदतीला असेल तर उत्तम. वर्ग घराजवळ असावा. मंचरहून पुण्याला आठवड्यातून एकदा जाऊन शिकलेल्यापेक्षा शाळेच्या मैदानावर तीनदा शिकलेलं अंगी लागतं.

प्रत्येक विद्येचा गुण वेगळा. ज्युदो आणि कुस्तीत तोल, पडणं आणि पकड येते. वेळ जास्त लागतो, पण सराव खरा असतो. कराटेत अंतर राखणं आणि फटका येतो. त्यातले काता म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या माळा, त्या वर्षानुवर्षांचं काम. बॉक्सिंगमध्ये डोकं वाचवणं आणि मार खाऊनही न थिजणं लवकर येतं. लाठी घेऊन कॉलेजात जाता येत नाही हे खरं, पण लाठीचा पवित्रा शिकलेल्या मुलीच्या हाती छत्रीसुद्धा कामाची ठरते. दोन महिन्यांत एवढं नक्की यावं: पोटातून ओरडणं, मनगटाची आणि गळ्याची पकड सोडवणं, तळहात, कोपर आणि गुडघा यांचा जोरकस वापर, आणि धूम ठोकणं. त्यानंतर आठवड्यातून एकदा घरी भावंडांबरोबर उजळणी हवी. नाहीतर दोन महिन्यांत आलेलं दोन महिन्यांत जातं. सरकारी शाळांतल्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण ही तीन महिन्यांची योजना आहे. आपल्या शाळेत ती चालते का, हे पालकांनी मुख्याध्यापकांना विचारावं.

कायद्याचीही दोन वाक्यं ध्यानात असू द्यावीत. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही बचावाचा हक्क कायदा देतो. जुन्या दंडसंहितेत तो होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांतही आहे. बचावाला लागेल तेवढंच बळ वापरावं ही त्यातली मर्यादा. म्हणून दप्तरात कोयता नको. तो हिसकावला गेला तर उलटतो, आणि कायद्याच्या कचाट्यातही सापडवतो. ११२ हा क्रमांक मात्र प्रत्येक मुलीच्या बोटावर असावा.

एवढं सगळं करूनही मुलगी शंभर टक्के सुरक्षित झाली असं कोणी म्हणू नये. जो वर्ग तसं म्हणतो तिथली फी भरू नका. आणि मुलीनं शिकलं म्हणजे गावाची जबाबदारी संपली असंही नाही. फाट्यावरचा दिवा, एसटीची वेळ, रस्त्याकडेच्या उसाची सहा फूट सोडलेली कड, ही कामं ग्रामपंचायतीची आणि तुमची-माझी. मुलींनी एकाच गाडीनं उतरून घोळक्यानं वस्तीवर जायचं ठरवलं तर तेही आपल्याच डोंगरातलं जुनं शहाणपण आहे. त्याला दोन महिनेसुद्धा लागत नाहीत, येत्या सोमवारपासून सुरू करता येईल. लाठी, ज्युदो, कराटे यांपैकी जे घराजवळ आणि नीट शिकवलं जातं ते त्याच्या जोडीला चालू द्या. आणि मुलीचं कॉलेजही चालू राहू द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)